मायक्रोवेव्ह ओव्हनचे वजन: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मायक्रोवेव्ह ओव्हन निवडताना मी लिटर पाहिले, वॅट पाहिले, लांबी, उंची आणि खोली टेपने मोजून जागेशी ताडून पाहिली. वजनाचा आकडा मात्र वाचला आणि सोडून दिला. आमच्याकडचा २० लिटरचा जुना सोलो, म्हणजे फक्त सूक्ष्मलहरींवर चालणारा, ओव्हन भिंतीवरच्या फळीवर नऊ वर्षे बिनतक्रार बसला होता. त्याच्या जागी आणलेला २८ लिटरचा कन्व्हेक्शन, म्हणजे गरम हवेने भाजणाराही, ओव्हन तिथेच बसेल असे मी गृहीत धरले, कारण त्याचे पाय फळीवर नीट मावत होते.

तिसऱ्या आठवड्यात आतली काचेची थाळी फिरताना टक्‌टक् आवाज येऊ लागला. थाळीखालचे चाकांचे कडे खराब झाले असावे, असे मला आधी वाटले. कडे धुऊन, पुसून पुन्हा बसवले तरी आवाज गेला नाही, तेव्हा ओव्हनवर पाणसळ ठेवून पाहिली आणि फळीच पुढे व उजवीकडे कलली असल्याचे दिसले. उजव्या ब्रॅकेटचा वरचा स्क्रू भिंतीतून दोन मिलिमीटर बाहेर आला होता. ब्रॅकेटची ती जोडी २० किलो भारासाठी होती. ओव्हन, त्याची थाळी, ग्रिलची जाळी आणि आत ठेवलेले भरलेले काचेचे भांडे यांची बेरीज मी त्या दिवशी पहिल्यांदा केली, तेव्हा ती २२ किलोंच्या वर गेली. ज्या उंचीवर ती फळी होती, तिच्या खाली आम्ही रोज उभे राहतो. तेव्हापासून हा विषय मी गांभीर्याने घेतला आणि गेल्या आठ महिन्यांत तीन वेगवेगळ्या प्रकारचे ओव्हन स्वतः उचलून, वजन करून आणि वापरून पाहिले. तिसरा ओव्हन माझ्या थोरल्या बहिणीकडचा २७ लिटरचा इन्व्हर्टर सोलो आहे (इन्व्हर्टर म्हणजे काय ते पुढे येते). तिच्याकडे दोन महिने राहण्याचा प्रसंग आला, त्यामुळे तोही रोजच्या वापरात राहिला.

वजन करण्यासाठी माणसांचा साधा वजनकाटा पुरतो. नुसते एकूण वजन हवे असेल तर ओव्हन हातात घेऊन काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. मला मात्र दुसरी पद्धत अधिक उपयोगी वाटली. ओव्हनचे डावे दोन पाय काट्यावर आणि उजवे दोन पाय तितक्याच उंचीच्या पुस्तकांच्या थरावर ठेवावेत, आकडा टिपावा, मग बाजू बदलून तेच करावे. ओव्हन दोन्ही वेळा समपातळीत असेल तर दोन आकड्यांची बेरीज म्हणजे एकूण वजन, आणि शिवाय कोणत्या बाजूला किती भार आहे हेही कळते. थाळी बाहेर काढून केलेल्या मोजणीत जुना सोलो १०.८ किलो भरला, त्यातले ७.१ किलो उजवीकडे आणि ३.७ किलो डावीकडे. कन्व्हेक्शनचे १८.४ किलो, उजवीकडे ११.६ आणि डावीकडे ६.८. बहिणीचा इन्व्हर्टर आकाराने जुन्या सोलोपेक्षा बराच मोठा असूनही अवघा ९.६ किलो निघाला, आणि त्याचा भारही ५.६ व ४ असा बराच सारखा वाटला गेला होता.

हा तिसरा आकडा पाहून मी मोजणी पुन्हा केली, कारण मोठा ओव्हन लहान ओव्हनपेक्षा हलका असेल हे मनाला पटत नव्हते. त्याचे उत्तर बटणांच्या पट्टीमागे दडलेले असते. सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनला सुमारे ४,००० व्होल्टचा दाब लागतो. पारंपरिक ओव्हनमध्ये त्यासाठी लोखंडी पत्र्यांच्या थरांचा गाभा आणि त्यावर तारेची वेटोळी असलेला ट्रान्सफॉर्मर बसवतात. तो व्होल्टेज सुमारे २,००० पर्यंत चढवतो आणि पुढे कपॅसिटर व डायोड त्याची दुप्पट करतात. घरातली वीज सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तने करते. इतक्या कमी वारंवारतेवर तेवढी शक्ती नेण्यासाठी लोखंडी गाभा जाड असावाच लागतो, आणि म्हणून हा एकटा भाग तीन ते पाच किलोंचा असतो. इन्व्हर्टर ओव्हनमध्ये तीच वीज आधी इलेक्ट्रॉनिक पट्टीवर सेकंदाला २० हजारांहून अधिक आवर्तनांवर नेली जाते. वारंवारता इतकी वाढली की मुठीत मावेल एवढा फेराइटचा गाभा पुरतो आणि संपूर्ण पट्टीचे वजन एक किलोच्या आसपास राहते. मॅग्नेट्रॉन स्वतः, चुंबकांसकट धरला तरी, एक किलोहून फारसा जड नसतो. म्हणजे सोलो ओव्हनच्या दहा-अकरा किलोंतला जवळजवळ तिसरा हिस्सा एका लोखंडी ठोकळ्याचा, आणि तो ठोकळा उजव्या कोपऱ्यात खाली. माझ्या फळीचा उजवाच स्क्रू का सुटला, याचा वेगळा शोध घेण्याची गरज उरली नाही.

भिंतीवरच्या फळीबाबत आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली: भिंतीपासूनचे अंतरही वजनाइतकेच महत्त्वाचे असते. जुना ओव्हन ३४ सेंटीमीटर खोल, नवा ५०. दोन्हींच्या मागे हवा खेळण्यासाठी १० सेंटीमीटर जागा सोडलेली. ढोबळ हिशोबाने जुन्याचा भार भिंतीपासून २७ सेंटीमीटरवर आणि नव्याचा ३५ सेंटीमीटरवर पडत होता. वजन १.७ पट झाले, पण वरच्या स्क्रूला बाहेर ओढणारा जोर मात्र २.२ पट झाला. ब्रॅकेटवर छापलेला किलोंचा आकडा हे अंतर सांगत नाही, म्हणून खोल कन्व्हेक्शन ओव्हन फळीवर ठेवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हा गुणाकार स्वतः करून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कन्व्हेक्शन ओव्हन एवढा जड का, याचे कारण त्याच्या कामातच आहे. त्यात सोलोचे सगळे भाग असतातच. शिवाय वर ग्रिलचा तापक, मागच्या भिंतीआड दुसरा तापक आणि गरम हवा फिरवणारा पंखा, २०० अंशांहून अधिक तापमान सोसणारा स्टीलचा कप्पा, त्याभोवती उष्णतारोधक थर आणि जास्त भक्कम दार. हे वजन वाया गेलेले नाही. आठ महिन्यांत भाजण्याचे काम त्याने समाधानकारक केले आहे आणि दार जोरात लावले तरी तो तसूभर हलत नाही. मात्र जड कप्पा तापायलाही वेळ घेतो आणि निवायलाही. काम संपल्यावर थंडावणारा पंखा बराच वेळ चालू राहतो, तो पूर्ण थांबेपर्यंत प्लग काढू नये.

इन्व्हर्टरच्या हलकेपणाची एक उणीव वापरातच कळते. बहिणीच्या ओव्हनला ओढून उघडायचे दार आहे आणि तो गुळगुळीत दगडी ओट्यावर ठेवलेला आहे. दार उघडताना संपूर्ण ओव्हन थोडा थोडा पुढे सरकत असे. आठवड्याभरात तो चार-पाच सेंटीमीटर पुढे आलेला दिसे. बारकाईने पाहिल्यावर त्याच्या रबरी पायांवर तेलकट थर साचलेला आढळला. साबणाच्या कोमट पाण्याने पाय आणि खालची जागा पुसल्यानंतर सरकणे जवळपास बंद झाले. खाली न घसरणारी चटई घालता येते, पण काही ओव्हनच्या तळाला हवेची भोके असतात, ती झाकली जाऊ नयेत.

काम करण्यात मात्र हा सर्वांत हलका ओव्हन मला सर्वांत चांगला वाटला. ट्रान्सफॉर्मरचा सोलो ओव्हन निम्म्या शक्तीवर लावला की तो काही सेकंद पूर्ण जोराने चालतो, मग काही सेकंद गप्प बसतो आणि असे आलटून पालटून करत राहतो. त्यामुळे दूध कडेने उतू जाते आणि मधोमध कोमट राहते. इन्व्हर्टर कमी शक्ती खरोखरच सलग देतो. जड यंत्र म्हणजे भक्कम आणि टिकाऊ यंत्र, ही आपल्याकडे खोलवर रुजलेली समजूत या एका उपकरणापुरती तरी मला सोडून द्यावी लागली. दुसरी बाजूही सांगायला हवी: ट्रान्सफॉर्मर हा साधा, क्वचितच बिघडणारा भाग आहे, आणि इन्व्हर्टरची पट्टी बिघडली तर ती सहसा पूर्णच बदलावी लागते.

लिटरवरून वजनाचा अंदाज बांधणेही फसवे आहे. माझ्या तीन ओव्हनमध्ये लिटरमागे सोलोचे ५४० ग्रॅम, कन्व्हेक्शनचे सुमारे ६६० ग्रॅम आणि इन्व्हर्टरचे जेमतेम ३५५ ग्रॅम पडतात. कप्प्याचे आकारमान दुप्पट झाले तरी पत्रा सुमारे १.६ पटच लागतो, आणि ट्रान्सफॉर्मरचे वजन कप्प्यावर नव्हे तर वॅटवर ठरते. म्हणूनच १७ आणि २० लिटरच्या सोलोंत एखाद्या किलोचाही फरक नसतो. ओट्यावर ठेवायच्या ओव्हनपुरते ढोबळ मानाने सांगायचे तर ट्रान्सफॉर्मरचे सोलो १० ते १२ किलो, ग्रिलचे १२ ते १५ आणि कन्व्हेक्शनचे १६ ते २२ किलो असतात. शेगडीच्या वर बसवायचे, धूर ओढणारा पंखा अंगातच असलेले ओव्हन २२ ते ३० किलोंचे असतात आणि त्यांच्यासोबत येणारी लोखंडी पट्टी भक्कम भिंतीत घट्ट बसवावी लागते. ते एकट्याने चढवण्याचे काम नव्हे. खणासारखे बाहेर सरकणारे आणि कपाटात बसवायचे मोठे प्रकार ३० किलोंच्याही पुढे जातात. उपाहारगृहांतल्या जास्त शक्तीच्या ओव्हनमध्ये बऱ्याचदा दोन मॅग्नेट्रॉन असतात, त्यामुळे तेही तिथवर पोहोचतात.

पहिल्या ओव्हनशी तुलना केली तर हे सगळेच आकडे किरकोळ ठरतात. रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये रडारच्या मॅग्नेट्रॉनमधल्या सूक्ष्मलहरी अन्न शिजवण्यासाठी वापरण्याची कल्पना पुढे नेली आणि १९४७ च्या सुमारास विक्रीला आलेला ‘रडारेंज’ सुमारे १.८ मीटर उंच आणि ३४० किलो वजनाचा होता. त्याचा मॅग्नेट्रॉन थंड ठेवायला पाण्याची नळजोडणी लागे. ओट्यावर मावणारा, घरगुती ओव्हन लोकांच्या हाती आला तो १९६७ मध्ये, अमाना कंपनीकडून. वजन घटवण्याचा हा प्रवास ट्रान्सफॉर्मरपाशी येऊन बराच काळ थांबला होता, आणि इन्व्हर्टरने तोच अडसर दूर केला.

खरेदीपूर्वी वजन पाहताना कोणते वजन छापले आहे तेही पाहावे. माझ्या कन्व्हेक्शन ओव्हनच्या खोक्यावर २१ किलो लिहिले होते, तर पुस्तिकेत १८.५, पहिले वेष्टनासह, दुसरे निव्वळ. फळीच्या हिशोबासाठी निव्वळ वजनात थाळी आणि भरलेले भांडे मिळवावे. जिन्याने वर नेण्याच्या हिशोबासाठी मात्र खोक्यावरचाच आकडा खरा. पुस्तिकेतल्या आकड्यात थाळी धरली आहे की नाही, हे नेहमी स्पष्ट नसते. ३१ सेंटीमीटर व्यासाची माझी थाळी एकटी १.२ किलोची आहे.

ओव्हन हलवताना मी आता प्लग काढतो, थाळी आणि चाकांचे कडे बाहेर घेतो, दार चिकटपट्टीने बंद करतो आणि उजवी, म्हणजे जड बाजू छातीकडे घेऊन गुडघ्यांतून उठतो. दोघे उचलत असू तर ज्याच्या अंगात अधिक बळ तो उजवीकडे. जड भाग काढून वजन कमी करावे, या विचाराने बाहेरचे आवरण कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

कन्व्हेक्शन ओव्हन आता कमरेच्या उंचीच्या, चार पायांच्या लोखंडी टेबलावर आहे. गरम भांडे खांद्याच्या वरून उतरवावे लागत नाही, हा लाभ मी आधी हिशोबात धरलाच नव्हता. भिंतीवरच्या फळीचे स्क्रू भिंतीत घालायच्या नव्या, लांब वॉल प्लगांसह बसवून घेतले आणि तिथे पुन्हा जुना सोलो ठेवला. दर महिन्याच्या सुरुवातीला त्यावर पाणसळ ठेवून पाहतो. सहा महिन्यांत बुडबुडा मधल्या खुणेवरून हललेला नाही.