क्वेरीच्या निकालात कॉलमचा घोषित प्रकार: एसक्यूलाइट, पोस्टग्रेस की मायएसक्यूएल?

लालबागच्या एखाद्या मसाला व्यापाऱ्यासाठी बिलांचे अहवाल एक्सेलमध्ये उतरवणारा प्रोग्राम लिहायचा असेल, तर डेटाबेस निवडताना वेगाच्याही आधी एक गोष्ट तपासावी: टेबल बनवताना आपण ‘रक्कम डेसिमल(१०,२)’ (एकूण १० अंक, त्यांतले २ दशांशस्थळांचे) असे लिहितो, त्यातले क्वेरीच्या निकालासोबत किती परत मिळते?

एसक्यूलाइटचे डेकलटाइप हे फंक्शन आपण लिहिलेला प्रकार अक्षरशः परत देते. प्रकाराच्या जागी देवनागरीत ‘रुपये’ लिहिले तरी साधे टेबल ते मुकाट्याने स्वीकारते आणि विचारल्यावर तेच सांगते. प्रत्यक्ष साठवण मात्र मूल्यागणिक ठरते. ४५०.०० ही रक्कम पूर्णांक म्हणून साठते आणि खालच्याच ओळीतली ४५०.५० दशांश म्हणून, त्यामुळे पहिल्या ओळीवरून कॉलमचा प्रकार ताडणारा प्रोग्राम फसतो. माझाही फसला आहे. शिवाय हे उत्तर फक्त थेट कॉलमपुरते असते. रकमेची बेरीज मागितली की डेकलटाइप नल, म्हणजे रिकामे उत्तर, देते, आणि बेरजेवर कास्ट (प्रकार बदलण्याची सूचना) लावूनही त्यात फरक पडत नाही. २०२१ साली ३.३७ आवृत्तीत आलेले स्ट्रिक्ट टेबल साठवणीला शिस्त लावते, पण त्यात डेसिमल हा शब्दच चालत नाही.

पोस्टग्रेस ओळी पाठवण्याआधीच प्रत्येक कॉलमचा प्रकार-क्रमांक आणि टाइपमॉड (इथे अंक आणि दशांशस्थळे किती ते सांगणारी संख्या) कळवतो. आपल्या रकमेसाठी क्रमांक १७०० आणि टाइपमॉड ६५५३६६ येतो: १० गुणिले ६५५३६, अधिक २, अधिक ४. बेरीज केल्यावर १७०० टिकतो, पण टाइपमॉड उणे १ होतो, म्हणजे संख्या न्यूमेरिक (पोस्टग्रेसमधले डेसिमलचेच नाव) आहे एवढे कळते, दशांशस्थळे किती हे कळत नाही. बेरजेला न्यूमेरिक(१२,२) असे कास्ट केले की तेही परत मिळते. डोमेन (मूळ प्रकारावरून आपण नाव देऊन बनवलेला प्रकार) वापरले असेल, तर निकालात त्याचे नाव न येता मूळ प्रकार येतो.

या एका बाबतीत मायएसक्यूएल सरस आहे, कारण त्याच बेरजेला तो आपण होऊन डेसिमल(३२,२) म्हणतो. बुलियन (खरे-खोटे सांगणारा प्रकार) मात्र तिथे टायनीइंट(१), म्हणजे छोटा पूर्णांक, होऊन येतो.

एकाच गल्ल्यावर एकच संगणक असेल, तर मी एसक्यूलाइट घेईन आणि अहवालाच्या प्रत्येक कॉलमचे स्वरूप प्रोग्राममध्येच लिहून ठेवीन. अहवालातल्या बेरजा ग्राहक स्वतः ठरवणार असतील आणि क्वेरी आपल्या हातात राहणार नसेल, तर मायएसक्यूएल सोयीचा. क्वेरी आपणच लिहिणार असू, तर पोस्टग्रेस घ्यावा आणि प्रत्येक बेरजेला कास्ट लावावे.