वर साम्राज्यसभा, खाली यातनागृह: रेगेन्सबुर्गच्या जुन्या नगरभवनातील मार्गदर्शित फेरी

जर्मनीत रेगेन्सबुर्ग शहराच्या जुन्या नगरभवनात ‘डोकुमेंट राइखस्टाग’ हे संग्रहालय आहे. ते आपले आपण फिरून पाहता येत नाही. ठरलेल्या वेळी मार्गदर्शक येतो, पाहुण्यांना आधी पवित्र रोमन साम्राज्याची सभा जेथे भरत असे त्या दालनात नेतो आणि मग त्याच इमारतीच्या तळाशी असलेल्या कोठड्यांत व यातनागृहात उतरवतो. दोन्हींचे तिकीट एकच आहे. मी कोल्हापूरकडे गेली अनेक वर्षे फौजदारी वकिली करतो. मुलीकडे राहायला गेलो असताना ही फेरी केली, आणि माझ्या मते या संग्रहालयाचे सगळे महत्त्व त्या एका तिकिटात आहे.

हे का म्हणतो, ते सांगण्यासाठी आदल्या आठवड्यातील अनुभव सांगावा लागेल. दुसऱ्या एका शहरात आम्ही यातनेच्या हत्यारांचे एक खासगी प्रदर्शन पाहिले होते. तेथे तांबडे दिवे होते, मेणाचे पुतळे होते आणि भिंतीतल्या ध्वनिवर्धकांतून किंकाळ्या येत होत्या. लहान मुले खोड्यात मान अडकवून फोटो काढून घेत होती. मध्यभागी आतून खिळे असलेली ‘लोखंडी कुमारिका’ मांडलेली होती आणि ती मध्ययुगातील असल्याचे पाटीवर लिहिले होते. वस्तुतः मध्ययुगात असे यंत्र वापरले गेल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. त्याची कथा अठराव्या शतकाच्या अखेरीस पसरली आणि प्रत्यक्ष नमुने एकोणिसाव्या शतकात लोकांना दाखवण्यासाठी जुळवले गेले. अशा प्रदर्शनातून माणूस एकच समजूत घेऊन बाहेर पडतो, की पूर्वीचे लोक क्रूर होते आणि आपण तसे नाही. मला ते पाहून फसवले गेल्यासारखे वाटले, आणि त्याहून अधिक म्हणजे ज्यांनी खरोखर सोसले त्यांचा तेथे अपमान होत आहे असे वाटले.

रेगेन्सबुर्गमध्ये किंकाळ्या नाहीत. वरच्या मजल्यावरील सभागृह चौदाव्या शतकातले असून त्याचे लाकडी छत मधल्या एकाही खांबाच्या आधाराशिवाय उभे आहे. सम्राटाचे आसन सर्वांत उंच, त्याखाली निर्वाचक, म्हणजे सम्राटाची निवड करणारे, राजपुत्र, त्याखाली इतर, अशी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी आजही दिसते. 1663 पासून 1806 पर्यंत येथे साम्राज्याची कायमची सभा चालली. कागदपत्रे लांब बाकावर पुढे पुढे सरकवली जात आणि त्यावरून ‘लांब बाकावर ढकलणे’ म्हणजे काम लांबणीवर टाकणे हा जर्मन वाक्प्रचार आला, अशी गोष्ट मार्गदर्शक बाईंनी सांगितली. आपल्याकडच्या न्यायालयांतील ‘तारीख पे तारीख’ तेथे आठवली नाही, असे म्हणता येणार नाही.

परंतु वकिलाच्या दृष्टीने त्या दालनात उभे राहून लक्षात ठेवण्याचे वर्ष 1532 आहे. सम्राट चार्ल्स पाचवा याच्या कारकिर्दीत त्या वर्षी रेगेन्सबुर्गच्याच साम्राज्यसभेत ‘कारोलिना’ नावाची फौजदारी संहिता मंजूर झाली. तिच्यानुसार गंभीर गुन्ह्यात शिक्षा द्यायची तर दोन विश्वासार्ह साक्षीदार हवेत, नाहीतर आरोपीची कबुली हवी. परिस्थितिजन्य पुराव्यावर देहदंड देता येत नसे. वाचताना हा नियम आरोपीच्या बाजूचा वाटतो, आणि त्याचा हेतूही तसाच होता. पण चोरी, विषप्रयोग, रात्रीचा खून अशा गुन्ह्यांना दोन साक्षीदार कोठून मिळणार? मग उरते ती कबुली, आणि कबुली आरोपीच्या तोंडून काढावी लागते. म्हणून कायद्यानेच यातनेला वाट करून दिली आणि त्या वाटेवर नियमांचे दगड रोवले: पुरेसा संशय असल्याखेरीज यातना देऊ नये, काय कबूल करायचे ते आरोपीला आधी सांगू नये, यातना चालू असताना बोललेले खरे धरू नये, नंतर शांतपणे पुन्हा विचारून ते पडताळावे. मात्र नंतर विचारल्यावर आरोपीने शब्द फिरवला, तर त्याला पुन्हा यातना देता येत असे. एवढ्या एका सवलतीने आधीचे सगळे नियम पोकळ होतात, हे ज्याने कधी जबाब नोंदवताना पाहिला आहे त्याला समजावून सांगावे लागणार नाही.

यानंतर आम्ही खाली उतरलो. या जागेचे जर्मन नाव ‘फ्रागश्टाट’, म्हणजे प्रश्न विचारण्याची जागा. लॅटिनमध्येही यातनेला ‘क्वेस्तियो’, म्हणजे प्रश्न, असेच म्हणत. आपल्याकडे ‘चौकशीसाठी ताब्यात घेतले’ हे वाक्य वर्तमानपत्रात वाचताना जो अर्थ मनात येतो आणि लिहिला जात नाही, त्याची मला तेथे आठवण झाली. कोठड्या बुटक्या व अंधाऱ्या आहेत. यातनागृहात अंग ताणण्याची चौकट आहे, वर धार असलेले लाकडी ‘गाढव’ आहे, माणसाला दोराने वर ओढण्याची सोय आहे. ही हत्यारे बाहेरून आणून मांडलेली नसून ही खोली त्याच कामासाठी वापरली जात असे, हे ऐकल्यावर आमच्या गटातील बोलणे आपोआप थांबले.

मी सर्वांत जास्त वेळ पाहत राहिलो ती मात्र हत्यारे नव्हती. खोलीच्या एका बाजूला लाकडी जाळी आहे आणि तिच्या मागे विचारणारे अधिकारी बसत. म्हणजे प्रश्न विचारणारा, उत्तर लिहून घेणारा आणि दोर ओढणारा ही माणसे निरनिराळी होती, आणि त्यांतील शिकलेल्या, प्रतिष्ठित माणसांना आरोपीच्या अंगाला हात लावावा लागत नसे. दोर ओढणाऱ्याला समाज अस्पृश्यासारखा वागवी. जाळीमागचा सभ्य गृहस्थ संध्याकाळी घरी जाऊन जेवत असे. मार्गदर्शक बाईंनी या जाळीवर अवघी दोन वाक्ये सांगितली. माझ्या मते संपूर्ण फेरीतील हीच वस्तू सर्वांत अधिक वेळ देण्याजोगी आहे.

खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर याचा मृत्यू 1630 मध्ये याच शहरात झाला आणि त्याचे स्मारकगृह नगरभवनापासून चालत काही मिनिटांवर आहे. त्याच्या आईवर, कॅथरिनावर, व्युर्टेम्बेर्गमध्ये चेटकाचा खटला चालला होता. सत्तरी ओलांडलेल्या या बाईला चौदा महिने साखळदंडात ठेवले आणि 1621 च्या सप्टेंबरमध्ये हत्यारांसमोर उभे करून प्रत्येकाचा उपयोग समजावून सांगितला. यातना देण्याआधी ती दाखवणे, ही कायद्याने मान्य केलेली स्वतंत्र पायरी होती. ती डगमगली नाही, म्हणून सुटली, आणि पुढच्याच वर्षी वारली. खटल्यासाठी केप्लर स्वतः तेथे जाऊन राहिला होता आणि बचावात त्याने स्वतः हात घातला होता. मराठीत आपण ‘पोलिसी खाक्या दाखवला’ असे सहज म्हणतो. त्यातील ‘दाखवला’ या क्रियापदाचा इतिहास केवढा जुना आहे, हे मला तेथे कळले.

ही पायरी इतिहासजमा झालेली नाही, याचे उदाहरण जर्मनीतच आहे. 2002 मध्ये फ्रँकफुर्ट येथे एका अपहृत मुलाचा ठावठिकाणा कळावा म्हणून पोलीस उपप्रमुखाने आरोपीला वेदना देण्याची धमकी देण्याचा आदेश दिला. मूल तोपर्यंत मरण पावलेले होते. हेतू एका बालकाचा जीव वाचवण्याचा असूनही त्या अधिकाऱ्याला जर्मन न्यायालयाने दोषी ठरवले, शिक्षा मात्र नाममात्र ठेवली. आणि 2010 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही धमकी म्हणजे अमानुष वागणूकच होय, आणि अशा वागणुकीवरील बंदीला अपवाद नाही, असा निकाल दिला. मला स्वतःला हा निकाल बरोबर वाटतो. त्या अधिकाऱ्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. पण कायद्याने त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवले, तर तळघरातली ती खोली पुन्हा उघडते.

यातना बंद कशी झाली, हा भाग फेरीत वेगाने उरकला जातो. फ्रीडरिख श्पे या जेझुइट धर्मगुरूने 1631 मध्येच निनावी पुस्तक लिहून, यातना दिली तर कोणीही चेटकीण असल्याचे कबूल करील, असे बजावले होते. इटालियन विचारवंत बेकारिया याचे यातनेविरुद्धचे लिखाण 1764 मधले. प्रशियात फ्रेडरिक दुसरा याने 1740 मध्ये गादीवर येताच काही अपवाद ठेवून यातना बंद केली, तर बव्हेरियात त्यासाठी 1806 उजाडले. न्यायाधीशाला इतर पुरावा तोलून निर्णय देण्याची मोकळीक मिळत गेली तशी कबुलीची गरज कमी झाली. दयेपेक्षा या बदलाचा वाटा मोठा असावा, असे माझे मत आहे.

एक गोष्ट येथे ओघाने सांगतो. आपल्या गोव्यात 1560 पासून, मधली काही वर्षे सोडल्यास, 1812 पर्यंत पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) चालले, पण जुन्या गोव्यातील त्याचा वाडा आज उभा नाही. चर्चच्या भव्य इमारती पाहून पर्यटक परततात, कारण उतरून पाहावे असे तळघरच उरलेले नाही.

फेरी संपल्यावर मार्गदर्शक बाईंनी मला भारतातील स्थिती विचारली. मी त्यांना सांगितले की मद्रास इलाख्यात नेमलेल्या आयोगाने 1855 मध्ये महसूल वसुलीत आणि पोलीस तपासात सर्रास होणाऱ्या छळाची नोंद केली. अशा अनुभवातून पुढे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, असा नियम झाला आणि तो 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 25 म्हणून आला. आज भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम 23 मध्ये आहे. कबुली काढण्यासाठी दुखापत करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये अटकेविषयी अकरा निर्देश दिले, आणि 2010 मध्ये सेल्वी खटल्यात संमतीवाचूनची नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली. यातनेविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण तो अद्याप अनुसमर्थित केलेला नाही. त्यासाठीचे विधेयक 2010 मध्ये लोकसभेत संमत होऊनही कायदा झाले नाही. शिवाय आमच्याच महाराष्ट्रात 1999 च्या मोक्का कायद्याने पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य धरली आहे, हेही मी लपवले नाही.

बाईंनी शांतपणे विचारले, “साध्या खटल्यात कबुली चालतच नसेल, तर मग मारतात कशासाठी?” मी त्यांना पुरावा कायद्यातले जुने कलम 27 समजावून सांगितले: कबुली बाद होते, पण आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात येतो. सुरा कोठे टाकला, दागिने कोठे पुरले, हे त्याच्याकडून वदवून घेतले की पंचनामा तयार होतो. त्यांनी ते ऐकून खोलीतल्या त्या लाकडी जाळीकडे पाहिले आणि पुढच्या गटाची वेळ झाल्याचे सांगितले.

जाणाऱ्यांसाठी इतके सांगतो, की फेऱ्या जर्मन व इंग्रजी भाषेत होतात, इंग्रजी फेऱ्या कमी असतात आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून तिकीट आधी घ्यावे. जिने अरुंद आहेत व खाली वाकून जावे लागते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी विचार करावा. फार लहान मुलांना खाली नेऊ नये. कायद्याचे विद्यार्थी असतील त्यांनी मात्र वरच्या दालनात मार्गदर्शकाला 1532 बद्दल आवर्जून विचारावे, आणि खाली गेल्यावर जाळीच्या बाजूला उभे राहावे.