मागचा ट्वीटर बंद पडला तेव्हा कळलं (८ महिन्यांच्या वापरानंतर)

माझ्या स्पीकरना पुढच्याशिवाय मागेही, भिंतीकडे तोंड केलेला, एक जास्तीचा ट्वीटर (उंच, बारीक आवाज काढणारा छोटा भाग) आहे. मार्चमध्ये एकदम वाटायला लागलं की गाणं सपाट झालंय. केबल बदलल्या, अँप्लिफायर बदलून पाहिला, काही नाही. सर्व्हिसवाल्यांनी समोर माईक लावून तपासलं आणि म्हणाले सगळं ओके, तुमच्या खोलीचा प्रॉब्लेम आहे. घरी येऊन पुढचा ट्वीटर उशीने दाबला, मागे कान लावला, तर उजवीकडचा मागचा ट्वीटर गप्प! तो व्हिडिओ पाठवल्यावरच मानलं त्यांनी. दुरुस्तीला १४० डॉलर गेले, शिवाय जाण्यायेण्याचं शिपिंग माझंच, याचा राग अजून गेलेला नाही.

स्पीकर फ्लोअरस्टँडिंग, म्हणजे थेट जमिनीवर उभे राहणारे. ९०० डॉलरला सेकंडहँड घेतले ते बोस्टनच्या सिम्फनी हॉलमुळे, जिथे ऑर्केस्ट्रा वाजतो. स्वस्त रश तिकीट (त्याच दिवशीच्या कार्यक्रमाचं) मिळालं की जातोच मी तिथे, आणि दरवेळी तेच जाणवतं, व्हायोलिन समोर असतात पण आवाज दोन्ही बाजूंनी येऊन आपल्याला कवेत घेतो. १९०० साली उघडलेला हॉल, सॅबिन या फिजिक्सच्या प्राध्यापकाने गणित करून आवाज बसवला. शेजारच्याच केंब्रिजमधल्या एमआयटी या विद्यापीठातल्या अमर बोसनी १९६८ मध्ये ९०१ हा स्पीकर काढला तेव्हा ९ पैकी ८ ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) मागे वळवले, कारण हॉलमध्ये बराचसा आवाज भिंतींवरून परतून येतो. माझे स्पीकर त्याच विचारातले.

पण पहिले तीन महिने मी यांना शिव्याच दिल्या. मॅन्युअलमध्ये भिंतीपासून १ फूट लिहिलंय म्हणून तसेच ठेवले आणि ऑर्केस्ट्राचा नुसता काला. सगळा खेळ या अंतराचा आहे हो! आवाज एका मिलिसेकंदात साधारण १ फूट जातो, म्हणजे १ फुटावरच्या भिंतीवरून तो २ मिलिसेकंदात परत येतो आणि मूळ आवाजात मिसळून त्याला गढूळ करतो. ४ फूट पुढे ओढले की ८ मिलिसेकंद होतात, तो मूळ आवाजाला तेवढा गढूळ करत नाही आणि भिंतच मागे सरकल्यासारखी वाटते. हॉल ७५ फूट रुंद, तिथे मधल्या खुर्चीवर बाजूच्या भिंतीचा आवाज २०-३० मिलिसेकंदांनी येतो, तेवढं आपल्या भाड्याच्या लिव्हिंग रूममध्ये होणार नाही, पण ४ फुटांवर ब्राम्स या संगीतकाराची रचना ऐकताना मला पहिल्यांदा तो हॉल आठवला. मॅन्युअलमध्ये एवढी एक ओळ नीट लिहिली असती तर माझे तीन महिने वाचले असते.

आधी वाटलं होतं की आता सगळंच असं ऐकायचं. तसं नाही. ख्याल लावला की गायिकेचा गळा सोफ्याएवढा रुंद होतो. ९०१ वर १९७० मध्ये एका ग्राहक मासिकाने हीच तक्रार लिहिली होती की वाद्यं खोलीभर फिरतात, त्यावरून बोस कंपनी कोर्टात गेली आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात मासिक जिंकलं. गळ्यासाठी मी मागच्या ट्वीटरचा आवाज कमीजास्त करणारी नॉब पूर्ण खाली करतो, तानपुरा तेवढा पातळ होतो, चालतं. आणि एक, हॉलमध्ये तो आवाज बाजूने येतो, इथे समोरच्याच भिंतीवरून, त्यामुळे आवाजाला खोलपणा येतो पण वेढल्यासारखं होत नाही.

घेणार असाल तर आधी टेप घेऊन खोली मोजा, ४ फूट सोडता येत नसतील तर पैसे घालू नका. आमच्याकडे स्पीकर जवळजवळ मधोमध उभे आहेत, कार्पेटवर चिकटपट्टीच्या खुणा आहेत, आणि व्हॅक्यूम झाला की बायको स्वतःच त्या खुणांवर परत लावते.