स्पेन की पोर्तुगाल: ब्रिटिश पासपोर्ट आणि महिनाअखेरचा हप्ता

२०१४ मध्ये मला ब्रिटिश नागरिकत्व मिळालं. पासपोर्ट तेव्हा मरून रंगाचा होता आणि त्यावर ‘युरोपियन युनियन’ छापलेलं होतं. भारतीय पासपोर्ट परत करताना पोटात कालवलं होतं, पण मनाची समजूत घातली की आता इंग्लंडातलं रेडिंगच काय, लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत कुठेही बिऱ्हाड थाटता येईल. दोन वर्षांत ब्रेक्झिटचं सार्वमत झालं आणि २०२० संपता संपता ते दार लागलं. आता त्याच देशांत आपण १८० दिवसांतले ९० दिवस पाहुणे. त्याहून जास्त राहायचं, तिथून कमवायचं, तर रीतसर व्हिसा. तरीही मी गेलो. आधी स्पेन, मग पोर्तुगाल. इंग्लंडमधले मराठी मित्र हल्ली फोन करून विचारतात, ‘कुठे जाऊ रे?’ त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं काम आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ब्रिटनमधल्या लहान-मध्यम कंपन्यांची पगारपत्रकांची सॉफ्टवेअर बसवणं, तपासणं, बिघडली की दुरुस्त करणं. नोकरी नाही, स्वतंत्र काम. ब्रिटनचं करवर्ष ५ एप्रिलला संपतं, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये मला जेवायला सवड नसते आणि ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये फोन वाजत नाही. त्यात बिलाचे पैसे दोन-दोन महिन्यांनी येतात. म्हणजे माझी कमाई कोकणातल्या पावसासारखी, आली की धो धो, नाहीतर नुसतं आभाळाकडे बघत बसा.

व्हिसाच्या बाबतीत स्पेन सरळ सरळ पुढे आहे, हे आधीच मान्य करतो. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठीचा परवाना तिथे २०२३ च्या सुरुवातीला आला आणि त्याची मोठी सोय म्हणजे पर्यटक म्हणून उतरून तिथूनच अर्ज करता येतो. निकाल वीस कामाच्या दिवसांत द्यावा असं कायदाच म्हणतो. माझा महिन्याभरात लागला आणि एकदम तीन वर्षांचा परवाना मिळाला. कमाईची अट तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट. पोर्तुगालच्या ‘डी-आठ’ या तशाच दूरस्थ कामाच्या व्हिसाला तीच अट चौपट आहे. २०२५ मध्ये पोर्तुगालचं किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे महिन्याला ३,४८० युरो दाखवायचे, तेही मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने. मी अर्ज कधी करायचा ते नीट ठरवलं होतं. एप्रिलची बिलं खात्यात पडली की लगेच कागदपत्रं काढायची. तुम्ही ब्रिटनमध्ये राहत असाल तर हा अर्ज तिथूनच करावा लागतो. मिळतो तो १२० दिवसांचा व्हिसा आणि खरं कार्ड तिथे गेल्यावर.

ते ‘गेल्यावर’ प्रकरण सोपं नाही. पोर्तुगालने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये परदेशी नागरिकांचं जुनं खातं मोडून नवं काढलं आणि मागच्या फायलींचा डोंगर नव्याच्या डोक्यावर आला. माझं कार्ड हातात पडायला नऊ महिने लागले. तोवर १२० दिवस कधीच संपले होते. देशाच्या आत कायद्याने मुदतवाढ होती, पण ती फ्रँकफर्टच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याला पटेल का, हे पाहायची माझी हिंमत झाली नाही. सांगलीला चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, ते मी फोनवर पाहिलं. घरी कोणाचं वय झालेलं असेल, केव्हाही विमान पकडावं लागेल अशी स्थिती असेल, तर हा एकच मुद्दा पोर्तुगालच्या विरोधात पुरेसा आहे.

मग मी तीन वर्षांचा सोन्यासारखा परवाना सोडून का आलो?

स्पेनमध्ये स्वतंत्र काम करणाऱ्याला ‘आउतोनोमो’ म्हणतात. नाव नोंदवलं की दर महिन्याला सामाजिक सुरक्षेचा हप्ता सुरू. पहिलं वर्ष सवलतीचं, महिना साधारण ८० युरो. मी आनंदात. व्हॅलेन्सियाची हवा, तुरिया नदीच्या जुन्या पात्रातली बाग (१९५७ च्या पुरानंतर नदी शहराबाहेर वळवली आणि पात्रात झाडं लावली, असं आपल्या मुठेचं कोणी करू नये, पण तिथे छान दिसतं), मार्चमध्ये १९ तारखेपर्यंत रोज दुपारी दोनला भर चौकात फटाक्यांचा कानठळ्या बसवणारा गजर. तेरावा महिना लागला आणि हप्ता एकदम तीनशेच्या वर गेला.

रक्कम अन्याय्य आहे असं मी म्हणणार नाही. त्यात दवाखाना आहे, आजारपणाचे पैसे आहेत, म्हातारपणाचं काहीतरी आहे. २०२३ पासून तो कमाईच्या टप्प्यांवर बेतलाय. आपला अंदाज वर्षातून सहा वेळा बदलता येतो आणि वर्ष संपल्यावर फरक मिटवतात. कागदावर सगळं रास्त. पण तो कापला जातो दर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, तुम्ही त्या महिन्यात दमडी कमावली असो वा नसो. सगळ्यात खालच्या टप्प्यातल्या माणसालाही दोनशेच्या आसपास चुकत नाही.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आठवतो. व्हॅलेन्सियात ऑगस्टमध्ये अर्धी दुकानं ‘सुट्टीवर आहोत’ची पाटी लावून बंद असतात. ब्रिटनचे माझे सगळे गिऱ्हाईक समुद्रकिनारी. जूनच्या दोन बिलांचे पैसे अडकलेले. आणि महिनाअखेरीला सकाळी फोन टुण्कन वाजला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘गेला का रे तुझा हप्ता?’ ‘हप्ता’ हा शब्द तिने मुंबईच्या अर्थाने वापरला होता. त्यानंतर आमच्या घरात त्याचं तेच नाव पडलं. महिन्याची २५ तारीख उलटली की मी खात्यातली शिल्लक दिवसातून तीनदा बघायचो. त्या रकमेने मी कंगाल होणार नव्हतो, पण झोप मात्र जायची. अंदाज बदलायचा तर माझे गेस्तोर (तिथे बहुतेक स्वतंत्र धंदेवाल्यांना असा कागदपत्रं सांभाळणारा माणूस लागतो, त्याचीही महिन्याची फी) म्हणायचे, ‘खाली आणू नका, वर्ष संपल्यावर एकरकमी भरावं लागेल.’ तेही बरोबरच म्हणायचे.

पोर्तुगालमध्ये हाच पैसा वेगळ्या चालीने जातो. पहिले बारा महिने माफ. पुढे दर तीन महिन्यांनी, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमध्ये, मागच्या तिमाहीची कमाई जाहीर करायची. सेवा विकणाऱ्याच्या कमाईचा ७० टक्के भाग धरून त्यावर २१.४ टक्के, म्हणजे शंभरातले पंधरा. एकूण टक्केवारीत हे स्पेनपेक्षा स्वस्त पडेलच असं नाही. चांगल्या वर्षी मला इथे कदाचित जास्तच पडत असेल. पण तिमाही कोरडी गेली तर महिन्याला किमान २० युरो, बास. माझं माफीचं वर्ष संपलं आणि जानेवारीत पहिल्यांदा जाहीर करायची होती ती ऑक्टोबर ते डिसेंबरची कमाई. डिसेंबर नेहमीप्रमाणे सुका, त्यामुळे हप्ते लहान. एप्रिलमध्ये ते फुगले, पण तेव्हा खिशात पैसेही होते. सरकार माझ्या मागोमाग चालतं, स्पेनमध्ये ते माझ्यापुढे हात पसरून उभं असायचं. ज्याची मिळकत दर महिन्याला सारखी त्याला यातलं काहीच जाणवणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

दुसरं एक कुसळ. स्पेनमध्ये रहिवासी झालात की परदेशातली मालमत्ता ‘मोदेलो ७२०’ नावाच्या फॉर्मवर जाहीर करावी लागते, जानेवारी ते मार्चमध्ये. बँक खाती, गुंतवणूक, घरं, यांतल्या कुठल्याही गटाने ५० हजार युरो ओलांडले की. २०१२ मध्ये ५५ लाखांना घेतलेला माझा पुण्यातला फ्लॅट त्यात बसला. पुरावा म्हणून मी इंडेक्स टू पुढे केला. गेस्तोरनी तो देवनागरी कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा, मग म्हणाले, ‘हे भाषांतर करून आणा.’ पूर्वी या फॉर्मच्या चुकीला जबर दंड होता. जानेवारी २०२२ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने तो अवाजवी ठरवला, त्यामुळे आता भीती पूर्वीइतकी नाही. पण भारतात घर, इंग्लंडात पेन्शनचं गाठोडं आणि तिसऱ्या देशात चूल अशी आपली तऱ्हा असते. तेव्हा हिशोब आधी मांडून बघा. पोर्तुगालमध्येही जगभरची मिळकत दाखवायची असते, करही लागतो, पण माझ्याकडे फ्लॅटचा कागद कोणी मागितला नाही.

कराचं लांबण लावत नाही. पोर्तुगालची ती प्रसिद्ध दहा वर्षांची सवलत २०२४ पासून नव्या लोकांना बंद झाली. जुन्या लेखांत तिची वर्णनं वाचून कोणी निघू नका.

नागरिकत्वाचं मात्र बघा. स्पेनला दहा वर्षं राहावं लागतं आणि ब्रिटिश माणसाला जुनं नागरिकत्व सोडल्याचं तोंडी-लेखी सांगावं लागतं. पोर्तुगाल दोन्ही ठेवू देतं. २०२५ मध्ये तिथे पाच वर्षांची अट होती, ती दहावर न्यायचा विषय त्याच वर्षी संसदेत आला, म्हणून पाच वर्षांच्या भरवशावर घरदार विकू नये. ब्रिटिश सरकारी पेन्शन दोन्ही देशांत दरवर्षी वाढत राहते. ती गोठते कॅनडात, ऑस्ट्रेलियात आणि भारतात परतलात तर भारतातही, हे ‘शेवटी पुण्यालाच जाऊ’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

एक गोष्ट मला जायच्या आधी किरकोळ वाटली होती, ती म्हणजे घड्याळ. पोर्तुगालचं घड्याळ लंडनबरोबर चालतं, स्पेनचं एक तास पुढे. एक तास म्हणजे काय मोठंसं? पण गिऱ्हाईक पाच वाजता फोन करतं तेव्हा व्हॅलेन्सियात सहा वाजलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये माझा दिवस रोज एक तास उशिरा संपायचा. सेतूबलला आल्यावर तो तास परत मिळाला.

सेतूबल लिस्बनपासून पन्नासेक किलोमीटर, लोकलसारखी गाडी आहे. लिस्बनची भाडी मला झेपणारी नव्हती. इथला लिव्हरामेंतोचा मासळीबाजार पाहून माझ्यातला रत्नागिरीकर सुखावला. तारली, बांगडा, माकुल, सगळं ताजं. माकुल तळून पावात घालून खातात. तो पाव आपलाच, किंवा आपला पाव यांचा. भाषेची अशी गंमत रोज होते. चावी, लिलाव, कोबी, घमेलं, सगळी इथून आपल्याकडे आलेली. पगार हा शब्दसुद्धा यांच्या ‘पैसे देणे’ या क्रियापदातून आलाय, आणि माझा धंदा पगाराचाच. व्हॅलेन्सियात पहिल्या आठवड्यात मी भाजीवाल्याकडे ‘बटाटा’ मागितला तर त्याने मला रताळी दिली. स्पॅनिशमध्ये तो शब्द रताळ्याचा. सेतूबलला बटाटा मागितला की बटाटाच मिळतो. लिस्बनच्या कुठल्याही कॅफेत काचेमागे समोसा दिसतो, त्याला ‘शामुसा’ म्हणतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी उगाचच दोन घेतले.

पण बोललेलं पोर्तुगीज कळायला वेळ लागतो. स्पॅनिश लोक प्रत्येक अक्षर वाजवतात, हे लोक स्वर गिळतात. मालवणी कानाला त्यातले नाकातले उच्चार जमतात, इतकाच दिलासा. आणि हिवाळा! हवा इंग्लंडपेक्षा उबदार, घर मात्र इंग्लंडपेक्षा थंड. भिंतींना ऊब धरायची सवय नाही, हीटिंग बहुतेक ठिकाणी नाही. जानेवारीत आमच्या बेडरूममध्ये १३ अंश होते आणि कपाटामागे दादरच्या पावसाळ्यात येते तशी बुरशी. घर बघायला जाल तर पावसाच्या दिवशी जा आणि कपाटं सरकवून बघा.

तुमचं गिऱ्हाईक तिथे स्थायिक झालेले ब्रिटिशच असतील, म्हणजे घरदुरुस्ती, बागकाम, इंग्रजी शिकवण्या, हिशोब, तर माझ्या मताला फार किंमत देऊ नका. अलिकांतेच्या किनाऱ्यावर, तोरेव्हिएखा-ओरिउएलाच्या बाजूला, ब्रिटिश वस्ती इतकी दाट आहे की स्पॅनिश न बोलता धंदा चालतो. पोर्तुगालच्या आल्गार्व्हमध्येही आहे, पण व्याप तेवढा नाही. फक्त एक, स्पेनच्या त्या दूरस्थ परवान्यावर स्वतंत्र माणसाला स्थानिक गिऱ्हाइकांकडून वीस टक्क्यांपर्यंतच कमावता येतं. किनाऱ्यावर प्लंबिंग करायचं तर परवाना वेगळा लागेल, आणि तो इतक्या झटपट मिळत नाही.

माझा रेडिंगचा एक मित्र गेल्या वर्षी हे सगळं ऐकून घेऊन व्हॅलेन्सियालाच गेला. खूश आहे. नऊ महिने कार्डाची वाट बघायची त्याची तयारी नव्हती, आई बेळगावला एकटी असते. हप्त्याचं विचारलं तर म्हणाला, ‘कधी कापतात ते बघत पण नाही रे.’ त्याचं एकाच कंपनीचं काम आहे, ठरलेली रक्कम दर २५ तारखेला जमा होते.