साठच्या दशकातली अमेरिकन नंबर वन गाणी: डेट्रॉईट, ब्रॉडवे की कॅलिफोर्निया, आधी काय ऐकायचं?

साठच्या दशकातलं अमेरिकन पॉप ऐकायचंय, कुठून सुरू करू, असं कोणी विचारलं की बहुतेक जण नंबर वन गाण्यांची यादी पाठवून मोकळे होतात, १९६० ते १९६९, ओळीने. माझं स्पष्ट मत आहे की असं ऐकू नका. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत साप्ताहिकाचा हॉट हंड्रेड हा चार्ट ऑगस्ट १९५८ मध्ये सुरू झाला, त्यात रेकॉर्डची विक्री आणि रेडिओवर गाणं किती वाजतंय हे दोन्ही धरायचे, त्यामुळे तिथे सगळ्या तऱ्हेचं संगीत एकत्र येतं. १९६० मध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरवर काय होतं, तर पर्सी फेथच्या ऑर्केस्ट्राची 'थीम फ्रॉम अ समर प्लेस', शब्दच नसलेली संथ धून, आणि त्याच वर्षी चबी चेकरचं 'द ट्विस्ट' सुद्धा पहिलं आलं, जे जानेवारी १९६२ मध्ये परत एकदा पहिलं आलं. १९६४ च्या एप्रिलमध्ये पहिले पाचही नंबर बीटल्सचे, आणि मे महिन्यात त्यांना वरून खाली आणलं कोणी, तर ६२ वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगने, 'हेलो, डॉली!' गाऊन. हे सगळं वाचायला भारी वाटतं पण ओळीने ऐकायला बसलात तर दहाव्या गाण्यापर्यंत कानाला काही धागाच सापडत नाही.

शिवाय जी गाणी आजही लोक जीव टाकून ऐकतात त्यातली कितीतरी पहिली आलीच नाहीत. रॉनेट्सचं 'बी माय बेबी' दुसऱ्या नंबरवर थांबलं, मार्था अँड द व्हॅन्डेलाजचं 'डान्सिंग इन द स्ट्रीट' दुसऱ्यावर, बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' पण दुसऱ्यावर. जेम्स ब्राउनला तर हॉट हंड्रेडवर पहिला नंबर कधीच मिळाला नाही. जेम्स ब्राउन! म्हणून यादी बाजूला ठेवा आणि गाणी जिथे बनत होती त्या जागा धरून ऐका. त्या काळात गाणी अक्षरशः एकेका पत्त्यावर तयार व्हायची, आणि माझ्या मते तीन पत्ते पुरेत: न्यूयॉर्कचं ब्रॉडवे, डेट्रॉईटचं मोटाउन आणि लॉस एंजेलिसचे स्टुडिओ. आता यातलं तुमच्यासाठी आधी कुठलं, ते बघू.

न्यूयॉर्कपासून सुरू करते कारण काळाने ते पहिलं. ब्रिल बिल्डिंग हे नाव तुम्ही वाचलं असेल, ती ब्रॉडवेवरची १६१९ नंबरची इमारत, पण त्या नावाने ओळखले जाणारे बरेच लोक खरं तर जवळच्याच १६५० ब्रॉडवेमध्ये बसायचे, तिथे अल नेव्हिन्स आणि डॉन कर्शनर यांची अल्डन म्युझिक ही कंपनी होती. छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येकीत एक पियानो, आणि आत विशी-बाविशीतली जोडपी गाणी लिहीत बसलेली. कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन, बॅरी मान आणि सिंथिया वाइल, जवळच्याच दुसऱ्या ऑफिसात जेफ बॅरी आणि एली ग्रीनविच. 'विल यू लव्ह मी टुमॉरो' लिहिलं तेव्हा कॅरोल १८ वर्षांची होती, चाल तिची, शब्द तिच्या नवऱ्याचे म्हणजे जेरीचे, घरात लहान मुलगी. शिरेल्सनी ते गायलं आणि जानेवारी १९६१ मध्ये ते पहिलं आलं, कृष्णवर्णीय मुलींच्या ग्रुपचं हॉट हंड्रेडवर पहिलं आलेलं हे पहिलंच गाणं. आज रात्री तू माझा आहेस पण उद्या सकाळी काय, हा प्रश्न एक मुलगी सरळ विचारते, १९६१ च्या अमेरिकेत, रेडिओवर, आणि मागे व्हायोलिन्स अशी वाजतात की त्या प्रश्नाचा धीटपणा पटकन लक्षातही येत नाही. मला या दशकातलं सगळ्यात शहाणं गाणं हेच वाटतं. याच जोडप्याने मग मुलीला सांभाळायला येणाऱ्या ईव्हा बॉइडकडून 'द लोको-मोशन' गाऊन घेतलं आणि १९६२ मध्ये लिटल ईव्हा या नावाने तेही पहिलं आलं.

आपल्याला हा पत्ता सगळ्यात ओळखीचा वाटेल, कारण इथे आपल्या सिनेसंगीतासारखंच गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, गाणारा वेगळा. सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या अरेंजर्सनी, म्हणजे वाद्यमेळ लिहिणाऱ्यांनी, हिंदी गाण्यांना जे केलं आणि रेकॉर्डवर त्यांचं नाव कुठे दिसलं नाही, तसली माणसं तुम्हाला या तिन्ही पत्त्यांवर भेटतील. शब्दांकडे, गोष्टीकडे लक्ष देणारे ऐकणारे असाल तर इथूनच सुरू करा. शांग्री-लाजचं 'लीडर ऑफ द पॅक' (१९६४) म्हणजे तर तीन मिनिटांत अख्खं नाटक आहे, संवाद, मोटरसायकलचा आवाज, अपघात, सगळं. उणी बाजू अशी की १९६० ते ६३ मधल्या पोरांच्या सोलो गाण्यांत गोडवा जरा जास्तच आहे, बॉबी व्ही वगैरे, दोन-चार ऐकली की पुरे होतात.

आता डेट्रॉईट. इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण कोणी एकच विचारलं तर माझं उत्तर हेच असतं. बेरी गॉर्डी हा एकेकाळी लिंकन-मर्क्युरी या मोटारींच्या असेंब्ली लाइनवर काम केलेला माणूस, त्याने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन पुढे मोटाउन म्हणून गाजलेली रेकॉर्ड कंपनी काढली आणि वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ नंबरचं घर घेतलं. त्या घराच्या मागच्या भागात स्टुडिओ, बाहेर बोर्ड 'हिट्सव्हिल यू.एस.ए.'. पहिला नंबर मिळाला डिसेंबर १९६१ मध्ये, मार्व्हलेट्सच्या 'प्लीज मिस्टर पोस्टमन'ला. कारखान्यात गाडी जशी टप्प्याटप्प्याने तयार होते तशी गाणी आणि गाणारे तयार करायचे हे गॉर्डीच्या डोक्यात पक्कं होतं. चोली अ‍ॅटकिन्स नाच बसवायचे, मॅक्सीन पॉवेल उभं कसं राहायचं, बोलायचं कसं हे शिकवायच्या, आणि शुक्रवारी मीटिंग व्हायची, त्यात नवीन रेकॉर्डिंग ऐकून मतदान. प्रश्न असा असायचा की खिशात शेवटचा डॉलर असेल तर ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच?

पण मोटाउन ऐकायचं खरं कारण आहे त्या घरातला बँड. फंक ब्रदर्स म्हणायचे त्यांना, दिवसा इथे वाजवायचे आणि रात्री शहरातल्या जॅझ क्लबमध्ये. बेसवर जेम्स जेमर्सन, ड्रम्सवर बेनी बेंजामिन. जेमर्सन बेसची तार उजव्या हाताच्या फक्त पहिल्या बोटाने छेडायचा आणि तरी त्याचा बेस गाण्याच्या खाली स्वतःचं दुसरं गाणं म्हणत असतो. फोर टॉप्सचं 'रीच आउट आय'ल बी देअर' (१९६६) लावा, पहिल्यांदा लेव्हाय स्टब्सचा आवाज ऐका, तो जवळजवळ ओरडतोय, विनवतोय, मग दुसऱ्यांदा फक्त बेस ऐका. टेम्प्टेशन्सचं 'माय गर्ल' (१९६५) तर बेसच्या त्या तीन सुरांनी उघडतं आणि तिथेच माणूस अडकतो. एवढं सगळं वाजवणाऱ्या या लोकांची नावं मोटाउनच्या मोठ्या अल्बमवर छापून आली थेट १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. मला या गोष्टीचा अजूनही राग येतो.

सुप्रीम्स या मोटाउनच्या मुलींच्या ग्रुपचे आकडे तर सगळ्यांना माहीत असतात, १२ नंबर वन, त्यातले पाच लागोपाठ, ऑगस्ट १९६४ च्या 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' पासून १९६५ च्या 'बॅक इन माय आर्म्स अगेन' पर्यंत, पाचही हॉलंड-डोझिअर-हॉलंड या तिघांनी लिहिलेली. पाचही एका दमात ऐका, एकाच साच्यातली आहेत हे कळेल आणि तरी कंटाळा येणार नाही. पण त्या चकचकीत आवाजामागचं दुःख पण जाणून घ्या. फ्लोरेन्स बॅलार्ड, जिने हा ग्रुप उभा केला, तिला १९६७ मध्ये बाहेर पडावं लागलं आणि १९७६ मध्ये ती अवघ्या ३२ व्या वर्षी गेली. आणि १९६० च्या दशकातलं शेवटचं नंबर वन, डिसेंबर १९६९ चं 'समडे वी'ल बी टुगेदर', रेकॉर्डवर नाव डायना रॉस अँड द सुप्रीम्स, पण त्यात डायनाशिवाय दुसरी एकही सुप्रीम गात नाहीये, मागचे आवाज दुसऱ्याच गायिकांचे आहेत.

एक गाणं दोन पद्धतीने ऐकायचं असेल तर 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' घ्या. ग्लॅडिस नाइट अँड द पिप्सचं १९६७ मध्ये दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, वेगवान, गॉस्पेलच्या म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या जोशातलं. मार्विन गेचं त्याच्या आधीच रेकॉर्ड झालं होतं पण गॉर्डीने सिंगल म्हणून काढायला नकार दिला, मग अल्बममध्ये टाकलं, रेडिओवाल्यांनी ते आपणहून वाजवायला सुरुवात केली, शेवटी सिंगल निघालं आणि डिसेंबर १९६८ पासून सात आठवडे पहिलं. त्याची सुरुवातच अशी आहे की कुठेतरी काहीतरी बिनसलंय हे शब्द यायच्या आधी कळतं.

कॅलिफोर्नियाकडे वळताना आधी फिल स्पेक्टर, रेकॉर्ड बनवणारा प्रोड्युसर. तो ब्रॉडवेवाल्यांची गाणी घ्यायचा आणि लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत एकाच खोलीत दोन-तीन पियानो, अनेक गिटार, सगळे एकदम वाजवून रेकॉर्ड करायचा, इको चेंबर म्हणजे आवाज घुमवणाऱ्या खोलीतून तो आवाज फिरवून परत आणायचा, म्हणून त्याला भिंत म्हणतात, वॉल ऑफ साउंड. राइटियस ब्रदर्सचं 'यू'व्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन' फेब्रुवारी १९६५ मध्ये पहिलं आलं, गाणं पावणेचार मिनिटांचं, रेडिओवाले घाबरतील म्हणून लेबलवर ३:०५ छापलं, आणि बीएमआय या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेने १९९९ मध्ये सांगितलं की विसाव्या शतकात अमेरिकन रेडिओ-टीव्हीवर सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं हेच. पण त्याच स्पेक्टरने 'ही'ज अ रेबेल' (१९६२) हे गाणं डार्लीन लव्हकडून गाऊन घेतलं आणि नाव लावलं क्रिस्टल्सचं, आणि पुढे २००९ मध्ये तो एका अभिनेत्रीच्या खुनाबद्दल दोषी ठरला, २०२१ मध्ये शिक्षा भोगत असतानाच गेला. ज्यांना हे माहीत असताना ते संगीत ऐकवत नाही त्यांचं मला पूर्ण पटतं. मी ऐकते ते डार्लीन लव्ह, रॉनेट्सची रॉनी आणि ड्रमर हॅल ब्लेनसाठी.

आणि बीच बॉईज या ग्रुपचा ब्रायन विल्सन. 'बी माय बेबी' ऐकून तो इतका वेडा झाला की उत्तर म्हणून 'डोन्ट वरी बेबी' लिहिलं, जे बीच बॉईजच्या पहिल्या नंबर वनच्या, 'आय गेट अराउंड'च्या (जुलै १९६४) मागच्या बाजूला होतं. पुढची बाजू गाड्या आणि भटकंती, मागची बाजू भीती, एकाच रेकॉर्डवर. साठच्या दशकात बीच बॉईजना नंबर वन मिळाले फक्त तीन, पण तिसरं 'गुड व्हायब्रेशन्स' (डिसेंबर १९६६), साडेतीन मिनिटांचं गाणं, सात महिने, चार स्टुडिओ, तुकडे तुकडे रेकॉर्ड करून जोडलेलं, आणि ते भुतासारखं सरकणारं वाद्य म्हणजे पॉल टॅनरने वाजवलेलं इलेक्ट्रो-थेरेमिन. कोरसमध्ये आवाजावर आवाज कसे चढतात हे ऐकायचं असेल, हार्मनीची आवड असेल, चर्चमध्ये किंवा कॉलेजात चार आवाजांत गायला असाल, तर तुम्ही डेट्रॉईट सोडून आधी इथे या. मात्र सुरुवातीची सर्फिंगची गाणी एका बैठकीत खूप ऐकू नका, 'पेट साउंड्स' (१९६६) हा अल्बम अख्खा ऐका, त्याच्यासाठी चाळीस मिनिटं सुद्धा लागत नाहीत.

तर ठरवायचं कसं? नाचायला, स्वयंपाक करताना, गाडीत, चारचौघांत लावायला हवंय तर मोटाउन, डोळे झाकून. एकटं बसून शब्द ऐकायचे असतील तर ब्रॉडवे. हेडफोन लावून आवाजाची रचना उलगडायची असेल तर कॅलिफोर्निया. वाद्य वाजवणारे, विशेषतः बेस किंवा ड्रम्स शिकणारे असाल तर मोटाउनशिवाय दुसरं नाव मी घेणारच नाही. न्यू जर्सीचे फोर सीझन्स या तिन्हींत बसत नाहीत, फ्रँकी व्हॅलीचा तो वरच्या पट्टीतला आवाज काहींना पहिल्या ओळीला आवडतो, काहींना कधीच नाही, 'रॅग डॉल' (१९६४) ऐकून निकाल लावा. मेम्फिस शहराच्या संगीतासाठी ओटिस रेडिंगचं 'डॉक ऑफ द बे' ऐका, डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात तो गेला आणि १९६८ मध्ये ते पहिलं आलं.

शेवटची गोष्ट आवृत्तीची, आणि ही खरंच महत्त्वाची आहे. ही गाणी मोनोसाठी, म्हणजे सगळा आवाज एकत्र, दोन्ही कानांत सारखाच, अशी बनली होती, ४५ आरपीएमची छोटी रेकॉर्ड आणि गाडीचा रेडिओ डोळ्यांसमोर ठेवून. जुन्या स्टिरिओ मिक्समध्ये कित्येकदा गाणारा एका कानात आणि बँड दुसऱ्या कानात असा प्रकार असतो, मोटाउनचा सगळा जोर त्यात निघून जातो, म्हणून जिथे 'मोनो' किंवा 'सिंगल व्हर्जन' लिहिलेलं दिसेल तेच घ्या. त्याहून जास्त जपायचं ते पुन्हा रेकॉर्ड केलेल्या आवृत्त्यांपासून, अ‍ॅपवर मूळ गायकाचंच नाव असतं पण गाणं वीस-तीस वर्षांनी परत गायलेलं असतं, 'री-रेकॉर्डेड' हा शब्द बारीक अक्षरांत कुठेतरी लपलेला असतो, स्वस्तातल्या 'ग्रेटेस्ट हिट्स ऑफ द सिक्स्टीज' कलेक्शन्समध्ये हे फार. मूळ कंपनीचं नाव बघा, मोटाउन, कॅपिटॉल, फिलीज, सेप्टर. अपवाद एकच करेन, 'पेट साउंड्स'चा: ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं, तो मोनोतच काम करायचा, आणि त्याचं स्टिरिओ मिक्स नव्वदच्या दशकात मूळ टेपवरून नीट केलेलं आहे, तेव्हा आधी मोनो ऐका आणि आवडलं तर नंतर आवाजांचे थर मोजायला स्टिरिओ.