हॉटेलचा कॉकटेल बार की गावातला परमिट रूम?

मालवण-तारकर्लीकडे निवांत संध्याकाळ घालवायची असेल, तर मी चांगल्या हॉटेलचा बारच निवडेन. कोकम आगळ घातलेलं जिनचं कॉकटेल मागवा. ग्लासाच्या कडेला मीठ-मिरची लावलेली असली, तर पहिल्याच घोटाला आंबट, खारट, तिखट सगळं एकदम जिभेवर येतं. काउंटरपाशीच बसावं, बनवणाऱ्याचा हात बघता येतो. बिल मात्र सणसणीत येतं.

परमिट रूम खिशाला परवडतो, आणि रवा लावून तळलेला गरमागरम बांगडा खावा तो तिथेच! कॉकटेलच्या भानगडीत तिथे पडू नये. बायकांना तिथे मोकळेपणाने बसता येत नाही, हे मला फार खटकतं.

वयाची अट दोन्हीकडे तीच: महाराष्ट्रात बीअर-वाइनला २१, कडक दारूला २५.