सरकारी रुग्णालयाची सुरक्षा: स्वतःचे पोलीस, कराराने घेतलेले पोलीस की सुरक्षारक्षक?

अमेरिकेतल्या काही राज्यांत रुग्णालयाला स्वतःचे पोलीस नेमता येतात. असा प्रस्ताव संचालक मंडळापुढे येतो तो बहुधा कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांच्या आकड्यांसह. ते आकडे आधी फोडून पाहा. हल्ला करणारा वातभ्रमातला किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण होता, की दारू पिऊन आलेला नातेवाईक? पहिल्या प्रकारात अटक करून काहीच साधत नाही. तिथे पुरेशा परिचारिका आणि रुग्णाला शांत करण्याचं प्रशिक्षण घेतलेली माणसं लागतात. पोलिसी अधिकारांचा उपयोग उरलेल्या घटनांपुरता, आणि त्या किती आहेत यावरच सगळा निर्णय ठरतो.

सुरक्षारक्षक सर्वांत स्वस्त. दारावर तपासणी, वॉर्डात फेरी, भेटीच्या वेळेनंतर माणसं बाहेर काढणं ही कामं त्यांना जमतात. गुन्हा नोंदवणं, तपास करणं ही मात्र त्यांची कामं नव्हेत, आणि अटकेचा अधिकार साधारणपणे सामान्य नागरिकाइतकाच. कंत्राट सर्वांत कमी बोलीवर दिलं की माणसं टिकत नाहीत आणि दर वेळी नव्याने शिकवावं लागतं. हा दोष मॉडेलचा नाही, निविदेचा आहे.

शहर पोलीस किंवा शेरीफकडून (अमेरिकेतल्या जिल्ह्याचा पोलीस प्रमुख) कराराने अधिकारी घेतले तर पूर्ण अधिकार मिळतात. मुद्देमालाची खोली, नोंदी आणि तपास पथकही त्यांचंच असतं. अडचण अशी की पगार तुम्ही देता, पण हुकूम त्यांच्या वरिष्ठांचा चालतो. शहरात मोठी घटना घडली की तुमचा माणूस उचलला जातो. रोज नवा चेहरा आला तर मनोरुग्ण विभागात कसं वागायचं हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून नेमून दिलेली ठरावीक माणसं आणि बदली अधिकारी आल्याशिवाय जागा न सोडणं, या दोन अटी करारात हव्यातच.

स्वतःचं दल म्हणजे काय, हेही राज्यागणिक बदलतं. नॉर्थ कॅरोलायनात कंपनी पोलीस कायद्याखाली रुग्णालयाला दल उभारता येतं. त्या अधिकाऱ्यांना इतर पोलिसांसारखंच मूलभूत प्रशिक्षण लागतं, पण त्यांची हद्द मुख्यतः मालकाच्या आवारापुरती असते. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांतले अधिकारी ‘पीस ऑफिसर’ आहेत. त्यांना अटक करता येते, पण त्यांचे अधिकार शहर पोलिसांपेक्षा मर्यादित. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत केंद्र सरकारचं वेगळंच पोलीस दल आहे. तेव्हा ‘आमचेही पोलीस हवेत’ म्हणताना यातलं नेमकं कोणतं, हे आधी ठरवावं.

मनुष्यबळाचा हिशेब बहुतेक प्रस्तावांत कमी धरलेला असतो. एका जागेवर चोवीस तास माणूस ठेवायचा तर आठवड्याचे १६८ तास भरायचे. माणशी आठवड्याला चाळीस तास धरले तर ४.२ माणसं होतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि कोर्टाच्या तारखा धरल्या की पाचाच्या वर. एका वेळी दोन अधिकारी हवेत म्हटलं तर दहा-अकरा. शिवाय प्रमुख, पाळीचे पर्यवेक्षक, नोंदी आणि मुद्देमाल सांभाळणारा माणूस. लहान रुग्णालयाचा निर्णय बऱ्याचदा इथेच संपतो.

पिस्तुलाचा प्रश्न वेगळा धरा. २००० ते २०११ या काळातल्या अमेरिकी रुग्णालयांमधल्या गोळीबारांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आपत्कालीन विभागात झालेल्या गोळीबारांपैकी २३ टक्क्यांत शस्त्र सुरक्षा अधिकाऱ्याचंच होतं, हल्लेखोराने हिसकावलेलं. दल उभारलंच तर आपत्कालीन आणि मनोरुग्ण विभागांत पिस्तूल न्यायचं का, हे लेखी ठरवा. न्यायचं ठरलं तर दुसऱ्याला पिस्तूल सहज ओढता येणार नाही असं होल्स्टर (कमरेचं म्यान) सक्तीचं करा.

सर्वांत मोठा घोळ उपचार आणि पोलिसी काम यांच्या सीमेवर होतो. मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजना चालवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या मार्गदर्शनानुसार रुग्णाला आवरण्यासाठी मिरीची फवारणी, टेझर (विजेचा झटका देणारं शस्त्र) किंवा दंडुका वापरणं हा सुरक्षित उपचार मानला जात नाही. तसं शस्त्र वापरावंच लागलं तर ती घटना गुन्हा म्हणून हाताळावी आणि त्या व्यक्तीला स्थानिक पोलिसांच्या ताब्यात द्यावं, अशी अपेक्षा आहे. स्वतःचे पोलीस असले की परिचारिका अवघड रुग्णासाठी त्यांनाच हाक मारते, आणि ही रेषा पुसट होते. हाक कोणत्या प्रसंगी मारायची, हे वॉर्डात लावलेलं असावं.

सरकारी रुग्णालयाला राज्यघटनेची बंधनं थेट लागू असतात. २००१ च्या ‘फर्ग्युसन विरुद्ध चार्ल्सटन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, सरकारी रुग्णालयाने पोलिसांना पुरावा मिळावा म्हणून गर्भवतींची संमतीविना अमली पदार्थांसाठी केलेली चाचणी ही अवाजवी झडती ठरते. दल घरचं असेल तर हा मोह रोजचा. म्हणून दलाला रुग्णाच्या नोंदी थेट उघडता येऊ नयेत. गणवेशावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रणही कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, हे खरेदीआधीच ठरवा. मानवी हक्क भंगाच्या दाव्यांसाठी वकील आणि विमा लागतो तो वेगळाच.

विस्तीर्ण आवार, अनेक इमारती आणि पोलीस यायला खरोखर उशीर, अशी स्थिती असेल तरच स्वतःचं दल परवडतं. इतरांनी चांगले, निःशस्त्र रक्षक आणि आपत्कालीन विभागात कराराचा एक ठरावीक अधिकारी, एवढ्यावर भागवावं. मंडळाच्या मतदानाआधी गेल्या बारा महिन्यांची नोंदवही काढा: पोलिसांना किती वेळा बोलावलं, ते किती मिनिटांत आले, आणि त्यातल्या किती वेळा अटक झाली.